शिरगणतीच्या दिवशी गैरहजर

८ नोव्हेंबर १९४८, सोमवार. इस्रायल राष्ट्राची घोषणा होऊन सहा महिने व्हायचे होते आणि लढाई अजून सगळीकडे थांबलेली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत सात तासांची संचारबंदी पुकारली गेली. ज्यू असोत की अरब, सगळ्यांनी आपापल्या घरी थांबायचं होतं. गणक दारोदार फिरले आणि घरात असलेल्या प्रत्येकाची नोंद घेतली. नव्या देशाची पहिली शिरगणती अशी एका संध्याकाळीत उरकली. त्याच नोंदींवरून पुढे लोकांना ओळखपत्रं मिळाली.

शिरगणती कुठलाही देश करतो. या शिरगणतीचं वैशिष्ट्य होतं तिच्या मुहूर्तात. त्या वर्षात पॅलेस्टाइनमधली निम्म्याहून अधिक अरब वस्ती घरदार सोडून परागंदा झाली होती. कुणाला बंदुकीच्या धाकानं हुसकावलं होतं, कुणी शेजारच्या गावात काय झालं ते ऐकून पोराबाळांना घेऊन निघालं होतं. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन नदीचे दोन्ही काठ, गाझा, जिथे थारा मिळाला तिथे ही माणसं हिवाळ्याची तयारी करत होती. हा आकडा सात लाखांच्या वर गेला. ब्रिटिशांनी १९२५ च्या आदेशानं दिलेलं पॅलेस्टिनी नागरिकत्व त्यांच्यापैकी बहुतेकांकडे होतं, काहींकडे तसा पासपोर्टही होता. पण ज्या सरकारनं ते दिलं ते मे महिन्यातच गाशा गुंडाळून गेलं होतं, आणि नव्या सरकारच्या गणकाला ही माणसं घरी सापडली नाहीत.

तलाठ्याच्या दप्तरात नाव चढलं नाही की कसती जमीनसुद्धा हातची जाते, हे आपल्याकडे खेड्यातल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे शेताबरोबर गावात पाय ठेवण्याचा हक्कही गेला. आणि हे एकदाच घडून थांबलं नाही. एक तारीख धरायची, त्या दिवशी माणूस कुठे होता ते बघायचं आणि त्यावरून त्याच्या नातवंडांपर्यंतचा हिशेब मांडायचा, हीच रीत पुढच्या पाऊणशे वर्षांत पुन्हा पुन्हा वापरली गेली. पॅलेस्टिनींच्या ओळखपत्राचा इतिहास हा या तारखांचा इतिहास आहे.

हजर असून गैरहजर

महमूद दरवीश हा पुढे अरबी भाषेतला फार मोठा कवी झाला. १९४८ मध्ये तो सात वर्षांचा होता. अक्का शहराजवळचं अल-बिरवा हे त्याचं गाव पडलं तेव्हा घरचे लोक लेबनॉनमध्ये गेले आणि वर्षभरानं चोरवाटेनं परतले. परत आले तेव्हा गाव उरलं नव्हतं आणि शिरगणतीही होऊन गेली होती. आपल्याच मुलखात हे कुटुंब बेकायदा ठरलं. अशा माणसांसाठी कायद्यानं एक वर्ग तयार केला: हजर असलेले गैरहजर. १९५० च्या गैरहजरांच्या मालमत्तेच्या कायद्यानुसार, देश न सोडता नुसतं शेजारच्या गावी आश्रयाला गेलेल्यांची घरंही सरकारी ताबेदाराकडे गेली. माणूस हाकेच्या अंतरावर राहतो, पण त्याच्या घरापुरता तो ‘गैरहजर’ असतो. दरवीशची १९६४ मधली ‘ओळखपत्र’ ही कविता अरब जगात घरोघरी गेली. ती लिहिणाऱ्याच्या वाट्याला अशा ओळखपत्राचं राजकारण सातव्या वर्षापासून आलेलं होतं.

१९५२ च्या नागरिकत्व कायद्यानं हे चौकटीत बसवलं. अरब रहिवाशाला नागरिक व्हायचं तर त्याचं नाव १ मार्च १९५२ पर्यंत रहिवासी नोंदवहीत चढलेलं हवं आणि राष्ट्रस्थापनेपासून तो देशातच असल्याचं किंवा कायदेशीर मार्गानं आत आल्याचं दिसायला हवं. ज्यांनी या अटी पुऱ्या केल्या त्यांनाही १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली राहावं लागलं. नाझरेथहून हैफाला जायला परवाना लागे.

ज्यूंसाठी मात्र १९५० चा परतीचा कायदा होता. जगातल्या कुठल्याही ज्यू माणसानं यावं आणि नागरिक व्हावं. या दारातून मराठी बोलणारी माणसंही आत गेली. कोकणातले आणि मुंबईचे बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली, १९४८ नंतर मोठ्या संख्येनं तिकडे गेले. दिमोना, अश्दोद, बीरशेबा या गावांत त्यांनी संसार थाटले. त्यांचंही सगळं सुरळीत झालं नाही. १९६० च्या दशकात मुख्य धर्मपीठानं त्यांच्या ज्यूपणाची वंशावळ तपासायचा हुकूम काढला, लग्नं अडली, बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव करावा लागला. तो अपमान खराच होता. पण त्या सगळ्या काळात त्यांच्या नागरिकत्वाला कुणी हात लावला नाही. अलिबागेहून आलेल्याला ते बंदरावर उतरताच मिळालं होतं. हैफात जन्मून त्या नोव्हेंबरात बैरूतमध्ये असलेल्याला ते कधीच मिळणार नव्हतं.

बाहेर राहिलेल्यांचे दाखले वेगवेगळे झाले. जॉर्डननं १९५० मध्ये जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आपल्या राज्यात सामील करून घेतला आणि तिथल्या पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिलं. गाझा इजिप्तच्या ताब्यात गेलं, पण इजिप्तनं तिथल्या लोकांना नागरिक केलं नाही, फक्त प्रवासाचा दस्त दिला. १ मे १९५० पासून संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेचं काम सुरू झालं आणि निर्वासितांच्या हातात शिधापत्रिका आली. पीठ, साखर, तेल मिळवण्यासाठी काढलेली ही पत्रिका अनेक घरांत आपण मूळचे कुठले याचा एकमेव लेखी पुरावा होऊन बसली.

पुलापाशी ठेवलेलं कार्ड

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा इस्रायलच्या हाती आलं. महिना संपायच्या आत इस्रायलनं सुमारे ७० चौरस किलोमीटरचा टापू आपल्या जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत घेतला. जॉर्डनच्या काळातलं पूर्व जेरुसलेम त्यात जेमतेम सहा चौरस किलोमीटरचं होतं, बाकी भोवतालच्या २८ खेड्यांची जमीन. मग पुन्हा संचारबंदी, पुन्हा गणक. जेरुसलेममध्ये सुमारे ६६ हजार माणसं मोजली गेली. त्यांना निळ्या वेष्टनातली कार्डं मिळाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पश्चिम किनारा आणि गाझात शिरगणती झाली, तिथे साडेनऊ लाखांच्या आसपास माणसं नोंदली गेली. पश्चिम किनाऱ्याच्या कार्डाचं वेष्टन नारिंगी, गाझाचं लाल. एकाच तुर्की सुलतानाच्या, मग एकाच ब्रिटिश उच्चायुक्ताच्या अमलाखाली राहिलेल्या कुटुंबांची तीन रंगांत वाटणी झाली. नाक्यावरच्या शिपायाला कार्ड वाचावंही लागत नसे, वेष्टन बघून तो माणसाला रांगेतून बाजूला काढी.

या वेळी घरी कोण नव्हतं? युद्धात नदीपलीकडे पळालेले होते. आखाती देशांत कामाला गेलेले कारकून, मास्तर, इंजिनियर होते. कैरो-बैरूतला शिकणारे विद्यार्थी होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या हिशेबानं निदान २ लाख ७० हजार माणसं अशी नोंदीबाहेर राहिली. त्या उन्हाळ्यात परतीसाठी अर्ज केलेल्यांपैकी सुमारे १४ हजारांनाच परत येऊ दिलं गेलं. मुरीद बरगूती हा पुढे नावाजलेला कवी त्या जूनमध्ये कैरो विद्यापीठात शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होता. पदवी मिळाली, पण रामल्लाच्या घरी जायचा रस्ता बंद झाला. त्याला तिथे पाऊल ठेवायला १९९६ साल उजाडलं. या अनुभवावर त्यानं ‘मी रामल्ला पाहिलं’ हे पुस्तक लिहिलं.

ज्यांची नोंद झाली, त्यांना ती टिकवायची होती. १९६९ च्या लष्करी आदेश क्रमांक २९७ नं लोकसंख्येची नोंदवही आणि ओळखपत्रं यांचे नियम घालून दिले. सोळा वर्षांवरच्या पुरुषानं कार्ड सतत जवळ बाळगायचं. मात्र परदेशी जायचं तर ते बरोबर न्यायचं नाही. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरून बाहेर पडायची वाट म्हणजे जॉर्डन नदीवरचा ॲलनबी पूल. पुलाच्या अलीकडे खिडकीपाशी ओळखपत्र जमा करायचं आणि त्याबदली बाहेर जाण्याचं कार्ड घ्यायचं. ते तीन वर्षं चाले, मग एकेक वर्षाप्रमाणे तीनदा वाढवून मिळे. मुदत संपल्यावर सहा महिन्यांत माणूस परतला नाही, की त्याचे कागद नोंदणी अधिकाऱ्याकडे जात आणि नावापुढे शेरा पडे: यापुढे रहिवासी नाही.

खटला नाही, सुनावणी नाही. कुवेतमध्ये नोकरी लागलेला नाबलुसचा मास्तर रजेच्या हिशेबात चुकला, अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीचा अभ्यासक्रम लांबला, एवढं पुरे. बऱ्याच जणांना आपण रहिवासी उरलो नाही हे पुलावर परत आल्यावरच कळलं. ही संख्या किती होती हे इस्रायलमधल्या ‘हमोकेद’ या हक्क संघटनेनं माहिती मागितल्यावर २०११-१२ मध्ये बाहेर आलं. १९६७ ते १९९४ या काळात पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे १ लाख ४० हजार आणि गाझाच्या १ लाखाहून अधिक लोकांचं रहिवासीपण अशा रीतीनं रद्द झालं होतं.

एका उन्हाळ्यातल्या तीन गोष्टी

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे लोकांचा उठाव, सुरू झाला. त्यातले दगड आणि टायरच्या होळ्या जगानं पाहिल्या. ओळखपत्राच्या दृष्टीनं पाहिलं, तर १९८८ च्या उन्हाळ्यातले सात आठवडे फार महत्त्वाचे ठरले.

पहिली गोष्ट जेरुसलेमची. मुबारक अवद यांचा जन्म या शहरातला, १९४३ चा. १९४८ च्या लढाईत वडील गोळी लागून गेले. तरुणपणी ते अमेरिकेला शिकायला गेले, तिथलं नागरिकत्व घेतलं, मानसशास्त्र शिकले आणि परत येऊन त्यांनी अहिंसेच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. कर भरू नका, इस्रायली माल घेऊ नका, हुकमाचे कागद मानू नका, असं ते सांगत. १९८७ मध्ये ते ओळखपत्र नवं करून घ्यायला गृहखात्यात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की तुमचा रहिवास संपला आहे. मे १९८८ मध्ये त्यांना अटक झाली. प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती अहरोन बराक यांनी निकाल लिहिला.

तो निकाल आजही जेरुसलेमच्या प्रत्येक पॅलेस्टिनी घराला लागू आहे. न्यायालयानं म्हटलं ते थोडक्यात असं. १९६७ च्या शिरगणतीत नोंदलेल्यांकडे इस्रायल प्रवेश कायद्याखालचा कायम वास्तव्याचा परवाना आहे असं समजायचं. हा परवाना प्रत्यक्ष वास्तव्यावर उभा असतो. वास्तव्य दुसरीकडे हललं की तो आपोआप संपतो, कुणी रद्द करायची गरज नाही. प्रवेश कायदा हा देशात येणाऱ्या परक्यांसाठी १९५२ मध्ये केलेला. जेरुसलेमच्या शेख जर्राह किंवा सिलवान वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस कुठूनही आत आलेला नव्हता, सीमाच त्याच्या दारावरून पुढे गेली होती. पण कायद्याच्या लेखी तो सरकारच्या मर्जीनं राहणारा पाहुणा झाला. १३ जून १९८८ रोजी अवद यांना विमानात बसवून अमेरिकेला धाडण्यात आलं.

दुसरी गोष्ट बेत साहूरची. बेथलेहेमला लागून असलेलं हे ख्रिस्ती वस्तीचं गाव. औषधविक्रेते, शिक्षक, छोटे कारखानदार असे खाऊनपिऊन सुखी लोक. इथल्या लोकांनी ठरवलं, की ज्या सत्तेत आपला प्रतिनिधी नाही तिला कर द्यायचा नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लष्करानं धाडी घालून कर न भरणाऱ्यांना पकडलं. तेव्हा ७ जुलैला गावचे शेकडो लोक नगरपालिकेपाशी जमले आणि आपापली नारिंगी कार्डं त्यांनी तिथे परत केली.

यात केवढं धाडस होतं हे समजायला त्या कार्डाशिवायचा दिवस डोळ्यांपुढे आणावा लागतो. पुढच्या नाक्यावरून पलीकडे जाता येत नाही. जन्मलेल्या मुलाचं नाव नोंदवता येत नाही. रस्त्यात शिपायानं अडवलं, की कार्ड जवळ नसणं हाच गुन्हा. त्या वर्षांत शिपाई रात्री घरात शिरून कार्डं काढून घेत आणि भिंतीवरच्या घोषणा पुसून ये, रस्त्यातले धोंडे हटवून ये, मग परत देतो, असं सांगत. म्हणून कार्ड गेलं की माणूस वेठीला धरला जाई. बेत साहूरच्या लोकांनी तीच दोरी स्वतःहून समोरच्याच्या अंगावर टाकली. लष्करानं गावावर संचारबंदी लादली. पुढच्या वर्षी या गावाला चाळीसहून अधिक दिवसांचा वेढा पडला आणि कराच्या वसुलीपोटी फ्रिज, दूरचित्रवाणी संच, कारखान्यांतली यंत्रं ट्रकांत भरून नेली गेली.

तिसरी गोष्ट नदीपलीकडची. ३१ जुलै १९८८ रोजी जॉर्डनचे राजे हुसेन यांनी पश्चिम किनाऱ्याशी असलेले कायदेशीर आणि प्रशासकीय संबंध तोडल्याचं जाहीर केलं. पॅलेस्टिनींचा देश पॅलेस्टिनींनीच मागावा, हे त्यामागचं सांगितलेलं कारण. पण परिणाम असा झाला, की त्या तारखेला जो पश्चिम किनाऱ्यावर राहत होता तो जॉर्डनचा नागरिक उरला नाही. काल नागरिक म्हणून निजलेली माणसं सकाळी नागरिकत्वाविना उठली. जॉर्डननं १९८३ पासून पुलावरून ये-जा करणाऱ्यांना दोन रंगांची कार्डं द्यायला सुरुवात केली होती: पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्याला हिरवं, जॉर्डनमध्ये राहणाऱ्याला पिवळं. तोवर ती फक्त मोजदादीसाठी होती. आता त्या रंगावरून नागरिक कोण हे ठरू लागलं. पुढे कधी कुणाला पिवळ्याऐवजी हिरवं दिलं गेलं, तर पासपोर्टही त्याबरोबर गेला.

सात आठवड्यांत तीन ठिकाणी तीन प्रकारे एकच गोष्ट सिद्ध झाली. कार्ड माणसाजवळ असलं, तरी त्यावरची सत्ता दुसऱ्याची होती.

हिरवं वेष्टन, जुनी नोंदवही

रोजच्या येण्याजाण्याचा फास याच सुमारास आवळला. १९७२ पासून पश्चिम किनारा आणि गाझातल्या लोकांना रात्रीचे काही तास वगळता इस्रायलमध्ये जायला सरसकट परवानगी होती. गाझाचा मजूर पहाटे निघून तेल अवीवच्या बांधकामावर जाई, रामल्लाची माणसं समुद्र बघायला याफाला जात. जून १९८९ मध्ये गाझात चुंबकीय पट्टीचं जादा कार्ड आलं. ज्याच्यावर संशय त्याला ते मिळत नसे. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, सरसकट परवानगी रद्द झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र परवाना काढावा लागू लागला. मार्च १९९३ पासून नाकेबंदी कायमची झाली. परवान्यांचे प्रकार वाढत वाढत शंभरावर गेले: मजुराचा, व्यापाऱ्याचा, रुग्णाचा, रुग्णासोबत जाणाऱ्याचा, लग्नाला जाणाऱ्याचा, अंत्ययात्रेचा.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या ऑस्लो करारांनंतर हे बदलेल असं अनेकांना वाटलं. १९९५ च्या दुसऱ्या करारानं ओळखपत्रं देण्याचं काम पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या अंतरिम स्वशासनाकडे, सोपवलं. हिरव्या वेष्टनातलं नवं कार्ड आलं, त्यावर प्राधिकरणाचं चिन्ह आलं. पण नागरी कारभाराच्या परिशिष्टातल्या अठ्ठाविसाव्या कलमात मेख होती. प्राधिकरणानं नोंदवहीतला प्रत्येक बदल इस्रायलला कळवायचा आणि कायम वास्तव्य कुणाला द्यायचं तर इस्रायलची आधी संमती घ्यायची. कार्डावर मजकूर अरबीबरोबर हिब्रूतही, आणि नऊ आकडी क्रमांक इस्रायलच्या यंत्रणेतला. नाक्यावरचा शिपाई रामल्लाची नोंदवही बघत नाही, आपल्या संगणकात बघतो. तिथे क्रमांक नसेल, तर हिरवं कार्ड म्हणजे रंगीत प्लास्टिक.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा पेटला आणि इस्रायलनं नोंदवही गोठवली. नवऱ्याबायकोला एकत्र राहण्यासाठी लागणारी मंजुरी थांबली, आणि गाझाहून पश्चिम किनाऱ्यावर राहायला गेलेल्यांचा पत्ता बदलून मिळेना. माणूस दहा वर्षं रामल्लात संसार करतोय, पण कार्डावर पत्ता गाझाचा. ऑक्टोबर २००९ मध्ये बेथलेहेम विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीला नाक्यावर अडवलं, कार्डावर गाझाचा पत्ता दिसला. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच रात्री तिला गाझात नेऊन सोडलं. पदवीला दोन महिने उरले होते. पुढच्या एप्रिलपासून लष्करी आदेश क्रमांक १६५० लागू झाला. परवान्याशिवाय पश्चिम किनाऱ्यावर असलेला कुणीही घुसखोर ठरू शकेल, इतकी सैल व्याख्या त्यात होती. मध्यंतरी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्याशी वाटाघाटी चालू असताना सद्भावना म्हणून इस्रायलनं कुटुंब एकत्रीकरणाचे ३० हजारांहून अधिक अर्ज मंजूर केले, २०२१ मध्ये आणखी काही हजार. पंधरा-वीस वर्षं घराबाहेर पडायला धजावत नसलेल्या बायकांना त्यामुळे कार्ड मिळालं. तरीही ही मेहरबानीच राहिली. ती कधी होईल आणि कधी आटेल, हे अर्जदाराला ठाऊक नसतं.

वीजबिलांची फाइल

जेरुसलेमच्या निळ्या कार्डाला सगळे भाग्यवान समजतात. या कार्डावर इस्रायलभर हिंडता येतं, आरोग्यविमा मिळतो. संसदेला मत देता येत नाही, पण महापालिकेला देता येतं. मात्र १९९५ पासून गृहखात्यानं अवद निकालाचा आधार घेऊन ‘आयुष्याचं केंद्र’ कुठे आहे याचे पुरावे मागायला सुरुवात केली. परदेश तर सोडाच, शहराच्या हद्दीबाहेर अर-रामसारख्या उपनगरात घर स्वस्त मिळतं म्हणून गेलेल्यांचीही निळी कार्डं जाऊ लागली. इस्रायलमधल्याच ‘बत्सेलेम’ आणि हमोकेद या संस्थांनी याला मूक हद्दपारी म्हटलं. १९६७ पासून आजवर साडेचौदा हजारांहून अधिक जेरुसलेमकरांचं रहिवासीपण गेलं. एकट्या २००८ सालात ४,५७७ जणांचं. मार्च २००० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री नतान शरान्स्की यांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन काही अटींवर कार्ड परत मिळण्याची वाट उघडली, पण मूळ कसोटी तशीच राहिली.

त्यामुळे पूर्व जेरुसलेमच्या घरात दागिन्यांइतकी जपली जाते ती कागदांची फाइल. महापालिकेच्या कराच्या, म्हणजे अर्नोनाच्या, पावत्या. वीज आणि पाण्याची बिलं. मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाची पुस्तकं, भाडेपट्टा. राष्ट्रीय विमा संस्थेचे तपासनीस अवचित येतात आणि कुटुंब खरंच इथे राहतं का ते बघायला कपाटं उघडतात, फ्रिजमध्ये जेवणाचं सामान आहे का ते बघतात.

या कसोटीतून शहराच्या उत्तरेला एक विचित्र वस्ती उभी राहिली: कफर अकब. १९६७ च्या हद्दवाढीत ती महापालिकेत आली. २००२ नंतर इस्रायलनं विभाजक भिंत बांधली तेव्हा ती भिंतीपलीकडे, कलंदिया नाक्याच्या रामल्लाकडच्या बाजूला राहिली. कागदावर जेरुसलेम, प्रत्यक्षात भिंतीबाहेर. निळ्या कार्डाचा नवरा आणि हिरव्या कार्डाची बायको यांना एकत्र राहता येईल अशी जागा जवळपास हीच. नवऱ्याचं ‘केंद्र’ शहरात राहतं आणि बायकोला परवाना लागत नाही. म्हणून इथे परवानगीविना दहा-बारा मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. अर्नोना वसूल होतो, पण कचऱ्याची गाडी आणि पोलीस क्वचित दिसतात. पॅलेस्टिनी पोलिसांना तिथे यायची मुभा नाही. कामावर किंवा शाळेला जायला रोज पहाटे कलंदियाच्या फिरत्या लोखंडी फाटकातून जावं लागतं.

अशा जोडप्यांची कोंडी २००३ च्या कायद्यानं पक्की केली. दुसऱ्या इंतिफादात आत्मघाती स्फोटांनी इस्रायली शहरं हादरली होती. मार्च २००२ मध्ये हैफातलं उपाहारगृह उडवणाऱ्याकडे आईमुळे मिळालेलं इस्रायली ओळखपत्र होतं. तो दाखला पुढे करून संसदेनं तात्पुरता आदेश काढला: पश्चिम किनारा आणि गाझातल्या जोडीदाराला इस्रायलमध्ये वास्तव्य मिळणार नाही. पुढे पुरुषाला ३५ आणि स्त्रीला २५ वर्षांनंतर फक्त परवाना मागता येईल अशी सूट आली. सर्वोच्च न्यायालयानं तो २००६ आणि २०१२ मध्ये, दोन्हीदा सहाविरुद्ध पाच मतांनी उचलून धरला. जुलै २०२१ मध्ये मुदतवाढीला मतं कमी पडली, तेव्हा परराष्ट्रमंत्री याइर लापीद यांनी हा कायदा ज्यू बहुसंख्या राखण्याचं साधन असल्याचं उघड बोलून दाखवलं. मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा मंजूर झाला. म्हणजे सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं, पण ते एकटंही नव्हतं.

२०१८ मध्ये आणखी एक अट आली. निष्ठाभंगाच्या कारणावरून जेरुसलेमकराचं रहिवासीपण काढून घेण्याचा अधिकार गृहमंत्र्याला मिळाला. त्याखाली सलाह हमूरी या वकिलाला डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्सला धाडण्यात आलं. परक्या सत्तेशी निष्ठा ठेवायची सक्ती अंमलाखालच्या जनतेवर करता येत नाही, असं आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो. पण नोंदवही परक्या सत्तेची असल्यावर तो वाद पुस्तकातच राहतो.

इतकं सगळं करून मूळ हेतू साधला का? पॅलेस्टिनींची संख्या आटोक्यात ठेवावी, ही जेरुसलेमच्या नगररचनेतली न लपवलेली चिंता. पण ‘केंद्रा’ची तपासणी सुरू होताच हजारो कुटुंबं उपनगरांतली प्रशस्त घरं सोडून शहरात, मिळेल त्या खोलीत परत आली. बाहेर राहिलो तर हक्क जाईल, हे कळल्यावर माणसं हलायचीच बंद झाली. आज पूर्व जेरुसलेममध्ये साडेतीन लाखांहून अधिक पॅलेस्टिनी राहतात. कार्डाच्या धाकानं घालवायला निघालेल्या वस्तीला त्या धाकानंच खिळवून ठेवलं.

याची किंमत मात्र प्रत्येक घर मोजतं. कुवेतची नोकरी, कॅनडातलं शिक्षण, पलीकडच्या गावातलं लग्न, सगळं या एका कागदाच्या हिशेबात बसवावं लागतं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर इस्रायलमध्ये कामाला असलेल्या गाझाच्या हजारो मजुरांचे परवाने एका फटक्यात रद्द झाले. अनेकांना अटकेत ठेवलं गेलं आणि ३ नोव्हेंबरला एका लोटात गाझात पाठवलं गेलं, तिथे बॉम्बवर्षाव चालू असताना. कार्डावर पत्ता गाझाचा होता, एवढं कारण पुरेसं होतं.

नोव्हेंबर १९८८ मध्ये अल्जिअर्सला पॅलेस्टाइन राष्ट्राची घोषणा झाली. तिचा मसुदा त्याच महमूद दरवीशनं लिहिला होता, आणि भारतानं तीनच दिवसांत तिला मान्यता दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या यादीत आले, मान्यता देणारे देश दीडशेच्या पुढे गेले. पण रामल्लाच्या इस्पितळात आज मूल जन्मलं तर प्राधिकरण त्याचा जन्मदाखला देतं आणि नोंद इस्रायलकडे कळवतं. तिकडच्या संगणकात ती चढली तरच हे मूल पुढे ॲलनबी पुलावरून बाहेर जाऊ शकतं आणि परत येऊ शकतं. आपली माणसं कोण याची यादी देशानं स्वतः करायची, हा राष्ट्र असण्याचा अगदी पहिला हक्क. दीडशे देशांच्या मान्यतेनंतरही तो पॅलेस्टाइनला मिळालेला नाही. वाटाघाटी पुन्हा कधी झाल्याच, तर सीमारेषेइतकाच जोर अठ्ठाविसाव्या कलमावर द्यावा लागेल.